मध्यंतरानंतरची विजू

मंगळवारी दुपारी तू गेलीस. मुंबईहून अनिलचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहावीचा तास घेत होते. फोन ठेवला, तास पूर्ण केला, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि तुझ्या आईकडे, म्हणजे मावशीकडे गेले. मावशी ओट्यावर बसून तूर निवडत होती. मी सांगितलं. तिने सुपातली तूर डब्यात ओतली, झाकण लावलं आणि विचारलं, "अनिल जेवला का?"

मला माहीत नव्हतं. धाकटा मुलगा एकटा दवाखान्यात आहे आणि तो जेवला नसेल, एवढंच ती त्या वेळी धरून बसली. तिला तेवढंच धरता आलं असावं.

विजू, हे मी सावकाश लिहिते आहे. दोन ओळी लिहिते आणि उठते. तुझ्याबद्दल पेपरात जे यायचं ते येऊन गेलं. एकाने तुझं जन्मगाव छिंदवाडा लिहिलं, एकाने नागपूर. सौंसर कोणीच लिहिलं नाही. पूर्वीची मी असते तर संपादकाला पोस्टकार्ड टाकलं असतं आणि तू हसली असतीस, "मास्तरीणबाई, लाल पेन ठेव आता." या वेळी लाल पेन उचलवलं नाही. पडद्यावरचं तुझं नाव मी इथे लिहीत नाही. ते नाव मी कधी तोंडाने घेतलंच नाही.

त्या लोकांनी तुझा तो जुना फोटो छापला आहे, सौंदर्यस्पर्धेतला, खांद्यावर पट्टा असलेला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला तू होतीस. नागपूरची फेरी जिंकलीस आणि मुंबईला शेवटच्या पाचांत जाऊन थांबलीस. तू परत आलीस तेव्हा बसस्टँडवर उघडी जीप, बँड आणि अर्धं सौंसर उभं होतं. बॅनरवर 'विश्वसुंदरी' लिहिलेलं होतं. तू खाली उतरून सांगायला लागलीस की मी जिंकली नाही. कोणी ऐकेना.

"मुकुट कुठी आहे?" बँडवाल्याने विचारलं.

"मुकुट नाई भेटला, काका."

"मंग मिरवणूक कशी काढाव?"

मग शेजारच्या रामाकोना गावच्या नाटकमंडळाकडून मुकुट आला. पत्र्याचा, सोनेरी वर्खाचा, रामाचा. तो तुला मोठा होता. जीपमध्ये मी तुझ्या मागे बसून तो दोन्ही हातांनी वर धरला होता आणि तू लोकांकडे हात हलवत दातांतून बोलत होतीस, "नंदे, सोडू नको वं. हा राम माह्या नाकावर येऊन राहिला."

सरकारी दवाखान्यासमोर जीप थांबवली. मावशी ड्युटीच्या पांढऱ्या साडीत व्हरांड्यात आली. सगळ्या गावाने तिच्याकडे पाहिलं. ती तुला म्हणाली, "परीक्षा कधी आहे तुही?" आणि आत गेली. बाळंतीण टेबलावर होती.

परीक्षा तू दिली नाहीस. त्या फोटोवरून कोणीतरी बोलावलं आणि तू मुंबईला गेलीस ती गेलीसच.

पहिला चित्रपट लागला तेव्हा मावशी बाल्कनीत मधल्या खुर्चीवर होती, शेजारी मी. तू नायकाची बहीण. पहिल्या भागात तू चहा आणलास, राखी बांधलीस, एका गाण्यात मागे उभी राहिलीस. टॉकीजमध्ये शिट्ट्या वाजत होत्या. मध्यंतरात लोकांनी मावशीला शेंगदाणे आणून दिले. त्यानंतर थोड्याच वेळात गुंडांनी तुला गच्चीवरून ढकललं. मावशी उठली. माझ्या गुडघ्याला तिची पिशवी लागली तेवढंच. बाहेर येऊन पाहिलं तर ती दिसेना. शेवटी दवाखान्यात सापडली. ड्युटी नव्हती, तरी नर्सच्या खोलीत बसली होती.

"खोटं आहे ते, मावशी," मी म्हटलं.

"मले समजत नाई का खोटं आहे थे? मरण मी पगार घेऊन पाहतो, नंदा. तिकीट काढून नाई पाहणार."

शकुन-अपशकुन ती कधी मानत नव्हती. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांना ती हसायची. विहारात भंतेजी अनित्यतेवर बोलायचे तेव्हा ती मान डोलवायची. पोळ्यानंतरच्या गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेत, पांढुर्ण्याच्या दवाखान्यात तिची ड्युटी लागायची; जाम नदीच्या दोन्ही काठांची, पांढुर्ण्याची आणि सावरगावची, फुटलेली डोकी ती एकाच बाकावर बसवून शिवायची आणि दोघांनाही सारख्याच शिव्या घालायची. रक्ताला भिणारी बाई ती नव्हती. पण तुझ्या कपाळावरचा लाल रंग तिला पाहवला नाही.

दुसरा चित्रपट लागला तेव्हा तिने मला बोलावलं. "तू आधी पाहून ये. कुठवर बसू थे सांगजो."

माझं ते काम तेव्हा सुरू झालं. टॉकीजचा दुपारचा खेळ मी एकटी पाहायची आणि येऊन तिला सांगायची. विजू हिरव्या साडीत दार उघडते, तिथपर्यंत बस. डॉक्टर चष्मा काढून पुसतो, तिथे ऊठ. आणि ती बरोबर तिथे उठायची. पुढे पुढे साऱ्या टॉकीजला ते कळलं. सिस्टर उठली की खालून आवाज यायचा, "मरते आता." एकदा ती नुसती पाणी प्यायला उठली तर मागच्या रांगेतल्या बाईने पदर डोळ्यांना लावला. त्या चित्रपटात तू शेवटपर्यंत जिवंत होतीस. त्या बाईला ते पटेना. आपल्याला अर्धाच चित्रपट दाखवला, असं ती बाहेर सांगत होती.

हे मी तुला फोनवर सांगितलं की तू पोट धरून हसायचीस. पुढे हसणं कमी झालं.

तू मरतच राहिलीस. नायकाची बहीण, शहीद फौजीची बायको, पहिली पत्नी, दुसरं बाळंतपण न सोसलेली सून. एकदा सुट्टीत तू आली होतीस आणि आपण माझ्या घरी मागच्या अंगणात संत्री सोलत बसलो होतो. मी विचारलं, तुला दुसरी कामं मिळत नाहीत का.

"तुले काय वाटते, मरायचं काम सोपं आहे?"

"सोपं नसेल. पण तेच तेच."

"हिरोइनले गाणी भेटतात, नंदे. सहा गाणी, सहा साड्या. मले एक सीन भेटते. पण त्या सीनमध्ये साऱ्या सेटवर कोणी खोकलत नाई. लाइटवाला सुद्धा बिडी विझवते. थे एवढंच माह्यं आहे." मग एक फोड तोंडात टाकून तू म्हणालीस, "अन् थेच माही आई पाहत नाई. तिनं मले फक्त चहा आणताना पाहिलं."

मी म्हटलं, तिला त्रास होतो.

"तू तिले सांगतेस म्हणून ती उठते."

"ती विचारते म्हणून मी सांगते."

हा वाद आपण कितीदा घातला असेल. तुझं म्हणणं, मी मध्ये भिंत घातली. माझं म्हणणं, न पाहण्याचाही माणसाला हक्क असतो, आईला तर असतोच. दोघीही हटलो नाही. आजही मी हटलेले नाही, विजू. पण वाद घालायला समोर कोणी नसलं की आपलं बरोबर असणंही जड होतं.

मग टॉकीज बंद पडली. तिथे आता प्लायवूडचं गोदाम आहे. चित्रपट कमी होत गेले, मालिका आल्या. काही मालिकांत तर तू पहिल्या भागाच्या आधीच मेलेली असायचीस. भिंतीवर हार घातलेला फोटो आणि समोर रडणारी मुलगी. "वर्षभर भिंतीवर आहे," तू सांगितलं होतंस. "इतक्या आरामाचं काम जिंदगीत नाई केलं." मावशी त्या वेळेला टीव्ही लावायचीच नाही. शेजारी कोणी लावला तर दार ओढून घ्यायची.

मागच्या उन्हाळ्यात तू आलीस तेव्हा बारीक झाली होतीस. जेवणाचं पथ्य आहे म्हणालीस. आम्हाला ते नवीन नव्हतं. तू एका पेनड्राइव्हमध्ये एक चित्रपट आणला होतास. छोटा चित्रपट, कुठेच न लागलेला. त्यात तू सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात पडलेली एक बाई होतीस. नायिका तूच. तू टीव्हीला ते जोडलंस, मावशीला खुर्चीत बसवलंस आणि तिच्या पायाशी खाली बसलीस. मी दाराशी होते. मला काही विचारलेलं नव्हतं, मी काही सांगितलं नाही.

घरातले प्रसंग मावशीने पाहिले. बसमधले पाहिले. मग वॉर्ड आला, लोखंडी पलंग आला, आणि मावशी म्हणाली, "चहा ठेवतो." आणि उठली.

तू टीव्ही बंद केलास. रागावली नाहीस. चहा प्यालीस, चांगला झाला म्हणालीस. मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आलीस तेव्हा म्हणालीस, "एकदा तिनं बसाव, नंदे. एकदा. मले बाकी कोणाचं काही नको."

मी म्हटलं, "तिचा हक्क आहे."

"अन् माहा?"

 याचं उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे.

पुढचं सगळं लवकर झालं. आजाराचं नाव आलं, अनिल रजा टाकून मुंबईला तुझ्याकडे आला, मावशीही गेली. ती तुझ्याजवळ चांगली राहिली. सलाइनची बाटली संपत आली की तिथल्या नर्सच्या आधी उठायची आणि त्या मुली तिला 'सिस्टरजी' म्हणायला लागल्या होत्या. आणि मग एक दिवस तू मला फोन केलास. आवाज बारीक होता.

"आईले पाठवून दिलं."

"कुठे?"

"सौंसरले. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आहे न पांढुर्ण्यात. म्हटलं, जाऊन ये."

"डोळा पुढच्या महिन्यातही होईल, विजू."

 तू म्हणालीस, "इथून पुढचं तिले नाई झेपणार. तुले तर माहीत आहे."

मी म्हटलं, तिला विचार तरी. तू म्हणालीस, दम लागून राहिला, उद्या बोलतो. ते उद्या आलं नाही. मावशी घरी पोचली, तिने घर झाडलं, तुरीचा डबा काढला, आणि त्याच आठवड्यातला तो मंगळवार.

तुला मुंबईहून नागपूरमार्गे आणलं. गाडी सावनेर सोडून बोरगावला पोचली तेव्हाच तिथे लोक हार घेऊन उभे होते. सौंसरला पुन्हा बाकीचं गाव. या वेळी बँड नव्हता. मावशीने तुझ्या चेहऱ्यावरचा कापूस नीट केला, केस कानामागे घेतले, हनुवटीखाली बोट लावून पाहिलं. तिचे हात कामाच्या सवयीने चालत होते. ती रडली नाही.

विहारात पुण्यानुमोदनाला लोक जमले तेव्हा मला वाटलं होतं, स्पर्धेबद्दल बोलतील. पण भंतेजींचं झाल्यावर जो उठला तो तुझ्या मरणाबद्दल बोलला. पडद्यावरच्या. शिंपी उठला आणि म्हणाला, ताई गच्चीवरून पडली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. दवाखान्यातला जुना कंपाउंडर म्हणाला, फौजीच्या बायकोने पाण्याचा पेला कसा खाली ठेवला, आवाज न करता, ते मी आजही विसरलो नाही. त्यावर दोघांचा वाद लागला.

"डोये उघडे होते तिचे."

"बंद होते, भाऊ. मी तीनदा पायला पिक्चर."

"मंग तिन्ही टाइम तू झोपला असशीन."

कोणीतरी त्यांना दटावलं. मी मावशीकडे पाहिलं. मला वाटलं ती उठेल. ती मांडी घालून बसली होती आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या मुलीसारखी. सगळ्या गावाने तिच्या मुलीचं काम पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं ते तिने एकटीने.

घरी परतताना ती म्हणाली, "नंदा, राहिलेलं दाखव मले."

मला समजलं, तरी मी विचारलं, "काय राहिलेलं?"

"मी उठली तिथून पुढचं. आता कायले भ्याव?"

शाळा सुटली की मी तिच्याकडे जाते. अनिलने सगळे चित्रपट शोधून टीव्हीवर बघता येतील असे करून दिले आहेत. मी पहिला भाग पळवते आणि तिच्या उठण्याच्या जागेशी, कुठे हिरव्या साडीच्या दाराशी, आणून थांबवते. ती जागा अजून मला पाठ आहे. डोळ्याचं ऑपरेशन राहिलंच, म्हणून मावशी खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढते. पहिल्या दिवशी मला तिच्याकडे बघवेना. ती मात्र पाहत होती, ड्युटीवर पाहावं तशी. गच्चीवरून पडण्याचं तिला काही वाटलं नाही. "थे बाहुलं होतं," म्हणाली. एका चित्रपटात तू मरताना मोठं भाषण करतेस. "इतका दम कुठी असते," ती म्हणाली. "विजूले सांगाले पाहिजे होतं." 

काल तो छोटा चित्रपट लावला. वॉर्डचा. मी विचारलं, नक्की ना. ती म्हणाली, लाव.

लोखंडी पलंग आला. तू पडलेली आहेस. बोलत नाहीस, कोणी रडत नाही, संगीतही नाही. फक्त तुझा उजवा हात चादरीवर फिरतो. दोन बोटांनी तू चादरीवरचं काहीतरी उचलते आहेस, जिथे काहीच नाही. उचलतेस, सोडतेस, पुन्हा उचलतेस.

मावशी पुढे झुकली. "हे तिले कोणं शिकवलं?"

मी म्हटलं, दिग्दर्शकाने सांगितलं असेल.

"नाई. शेवटच्या दिवसात माणसं असं करतात. चादर वेचतात. ज्यानं जवळ बसून पाहिलं त्यालेच माहीत." ती बराच वेळ तुझ्या हाताकडे पाहत होती. मग म्हणाली, "शाळेतून ती दवाखान्यातच यायची न. वॉर्डात कोपऱ्यात बसून अभ्यास करे. मले वाटे, अभ्यास करून राहिली."

मला तुझी ती दवाखान्यातली जागा आठवते. मीही तिथे येऊन बसले आहे. मी मात्र पुस्तकात पाहत असायची.

पडद्यावरचा हात थांबला. मावशी उठली नाही. तिने खुर्चीचे दोन्ही हात धरले होते.

"तिनं मले इंटरवललेच पाठवलं, नंदा," ती म्हणाली. "मी बसली असती. तिच्याजवळ मी शेवटपर्यंत बसली असती. तिले काहून नाई वाटलं?"

तिला वाटतं तू रागाने पाठवलंस, त्या उन्हाळ्यातल्या चहाचा राग. मी म्हणते, मायेने. काल आम्ही दोघी यावर भांडलो, तुझी आई आणि मी, आवाज चढवून. तू एवढी वर्षं तिला जपलंस, तिच्या उठण्याच्या जागा तू माझ्यापेक्षा जास्त पाठ केल्या होत्यास, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "जपायले मी काय काचेची होती? दुनियेच्या लेकरांचे डोये बंद केले मी." मग तिचा आवाज खाली आला. "पन मीच तिले दाखवलं न, की मी उठतो."

 खरं काय ते तुलाच माहीत आणि तू त्या दिवशी दम लागला म्हणून फोन ठेवलास. कदाचित राग आणि माया दोन्ही असेल. कदाचित खरंच डोळ्याची तारीख असेल. तुला तिच्या त्या डोळ्याची काळजी होतीच.

शेवटची नावं वर सरकायला लागली. मी रिमोट उचलला.

"राहू दे," मावशी म्हणाली. "कोण कोण होतं जवळ थे वाच."

अक्षरं बारीक होती, तिला दिसत नव्हती. मी थांबवून थांबवून वाचली. कॅमेरा, दिवे, कपडे, रंगभूषा, आवाज, जेवण देणारा, गाडी चालवणारा. मुंबईची, कोलकात्याची, कुठकुठली नावं. प्रत्येक नावाला ती मान हलवत होती. पडदा काळा झाला. मग ती म्हणाली, "चांगली होती विजू. कामाले चांगली होती."

हे तू ऐकायला हवं होतंस. मी ते तुझ्यासाठी इथे लिहून ठेवते. यापलीकडे मला काही करता येत नाही.

अजून चार चित्रपट राहिले आहेत. मावशी तेही पाहणार आहे, आणि शाळा सुटली की मी जाते.